शनिवार बंद

अजनीच्या पुलाखालून उजवीकडे
पंक्चरवाला आणि चष्मेवाला यांच्या मधल्या फटीत
तिनं दुकान टाकलंय. रुंदी : एक ऑटो.
पाटीवर नुसतं 'बेगल'
आणि खाली बारीक अक्षरांत, शनिवार बंद.

पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता.
दुसऱ्यांदाही.
पंक्चरवाला म्हणाला, काका, वाचता येते नं तुम्हाले?
येतं.
पण एकोणीस वर्षं शनिवारी ड्यूटी केलेला माणूस
शनिवारी घरात बसू शकत नाही.

मग शुक्रवारी गेलो. दुपारी चार, पारा पंचेचाळीस,
कूलरमधला ओला वाळा आणि भट्टीची धग
एकाच खोलीत भांडत होते.
काउंटरमागे पन्नाशीची बाई, कोपरापर्यंत पीठ.
हे काय, मी विचारलं, भोकाचा रोडगा?
तिनं वाईट वाटून घेतलं नाही.
आधी उकळते, म्हणाली, मग भाजते.
गोवऱ्यांवर?
ओव्हनमध्ये, काका. बसा नं.

चौदा वर्षं अश्दोदला होती, एका पोलिश म्हातारीच्या बेकरीत.
परत का आलीस?
संत्र्यांसाठी.
तिकडे नव्हती?
होती की. पण सोलताना नखं दुखायची.

सूप आलं. कोंबडीचं पाणी म्हणा,
ना तर्री, ना खसखस, वर शेपूच्या दोन काड्या,
मध्ये दोन फिकट गोळे, तळ्यात बसलेल्या म्हशींसारखे.
आमच्याकडे गोळाभात असतो, बेसनाचा, वर कढत तेल.
माहीत आहे, म्हणाली, इथंच वाढले मी.
पहिला चमचा फसवणूक वाटला.
तिसऱ्याला कपाळावरची शीर सैल झाली.

बेगलला थोडं लोणी लाव गं.
कोंबडीबरोबर लोणी नाही, काका.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.
आमल्याची रनिंग रूम, ब्याऐंशी साल,
माझा दह्याचा डबा पुढे केलेला, तसाच राहिलेला,
आणि समोर मालगाडीचा ड्रायव्हर,
नारळाच्या दुधातला रस्सा बोटांनी निपटणारा.

तुझ्या बाबांचं नाव शालोम?
शालोम वाक्रूळकर?

सुरी थांबली.
तुम्ही सोनकुसरे!
मी मान हलवली. डोळ्यांत पाणी येईल तिच्या, असं वाटलं.
तिनं हात कमरेवर ठेवले.
तुमच्यामुळं बाबा दर शनिवारी घरी असायचे.
दिवसभर!
ना गॅस, ना रेडिओ, ना सिनेमा.
आम्ही तिघी बहिणी देवाजवळ मागायचो,
हा सोनकुसरे एकदा तरी आजारी पडू दे.

मी इतका हसलो की गोळा घशात अडकला.
पोळा माझा, शनिवार त्याचा, एवढंच ठरलं होतं
रोस्टरच्या फळ्याखाली, उभ्या उभ्या.
सुमन मेडिकलमध्ये होती ते नऊ दिवस
माझ्या गाड्या त्यानं नेल्या.
शनिवार मध्ये आला तोही.
हे मी तिला सांगितलं नाही.
कदाचित त्यानंही घरी सांगितलं नसेल.

बिल झालं एकशे ऐंशी.
तिनं पूर्ण घेतलं, दोनशेतून वीस परत दिले,
मोजून. मला बरं वाटलं.

सव्वासहा झाले. ऊन पुलाच्या कठड्यावर.
ओव्हन विझला, वेणी घातलेले दोन पाव कापडात गेले.
शटर मध्येच अडकतं तिचं,
एका बाजूनं मी खेचलं.
कुलूप लागलं. शनिवारची तयारी, ती म्हणाली,
आणि भराभर कॉलनीकडे निघाली.

उद्या येणार आहे मी,
बंद आहे ना, ते बघायला.
पंक्चरवाल्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.